जीडीएची परीक्षा द्यायचीय? गोव्यात राहून तयारी करणाऱ्यांसाठी

जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटच्या सराव परीक्षेत व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेणाऱ्या बाईंनी मला पहिलाच प्रश्न टाकला, "पेशंटचं सलाईन संपत आलंय. तू काय करशील?" मी चार महिने यूट्यूब पाहून पाठ केलेलं. ऐटीत सांगितलं, "क्लॅम्प बंद करीन, नवी बाटली लावीन, थेंब मोजून सोडीन." बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि सिस्टर कुठं गेल्या तोवर? चवथीला?"

सगळा वर्ग हसला. उत्तर एका ओळीचं होतं: "लगेच सिस्टरना सांगीन." ही परीक्षा कशी असते ते मला त्या दिवशी समजलं. किती येतं, याच्याइतकंच आपलं काम कुठं संपतं हेही इथं तपासतात. आणि जे आपलं काम आहे, ते हातानं, क्रमानं, पेशंटशी बोलत करून दाखवावं लागतं.

मी डिचोली तालुक्यातली. दहावीनंतर सात वर्षं कपड्यांच्या दुकानात उभी राहिले, मग जीडीएचा, म्हणजे वॉर्डात सिस्टरच्या हाताखाली पेशंटची देखभाल करणाऱ्या मदतनिसाचा कोर्स केला. आता एका इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात आहे. गावातल्या मुली येऊन तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

१. पाटीवरचं नाव सोडा, कोड विचारा

म्हापसा, पणजी, मडगाव, कुठंही गेलात तरी पाट्या दिसतात: मेडिकल असिस्टंट, नर्सिंग असिस्टंट, पेशंट केअर, बेडसाइड असिस्टंट. नावं कुणीही काहीही ठेवतं. तुम्ही एवढंच विचारा, "क्वालिफिकेशन पॅकचा कोड काय?" (क्वालिफिकेशन पॅक म्हणजे त्या कामात काय काय यायला हवं याची सरकारमान्य यादी.) जीडीएचा कोड एचएसएस/क्यू५१०१, लेव्हल ४, आणि प्रमाणपत्र देणारी संस्था हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल. समोरचा माणूस कोड सांगायला चाचरला, किंवा "आमचं स्वतःचं सर्टिफिकेट आहे, सगळीकडे चालतं" म्हणाला, तर चहा पिऊन उठा.

दुसरी गोष्ट घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. हा कोर्स करून नर्स होता येत नाही. नर्सिंगसाठी एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. माझ्या सासूबाई अजून शेजारणीला "आमची सून नर्स" म्हणून सांगतात. त्यांना सुधारायचं मी सोडून दिलंय, पण तुम्ही स्वतःची फसगत करून घेऊ नका.

परदेशाची स्वप्नं पाहणाऱ्यांसाठी एक. अमेरिकेत मेडिकल असिस्टंटच्या खरोखरच परीक्षा असतात. त्यातली सीएमए म्हणतात ती २०० प्रश्नांची, त्यातले १८० गुणांसाठी धरतात, आणि तिथला मान्यताप्राप्त कोर्स हा तिला बसायचा नेहमीचा रस्ता. तिच्या अभ्यासात इंजेक्शन देणं, रक्त काढणंही येतं. आपला जीडीए म्हणजे ते नव्हे. मी यूट्यूबवर "मेडिकल असिस्टंट एक्झाम" शोधून जे पाहत बसले होते ते सगळं तिकडचं होतं, आणि सलाईनवाला घोटाळा त्यातूनच झाला.

२. संस्था निवडताना

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून कोर्स असेल तर शिकणाऱ्याला फी नसते. "फॉर्मचे", "युनिफॉर्म डिपॉझिट", "परीक्षेचे वेगळे" अशा नावांनी कुणी पैसे मागत असेल तर पावती मागा. पावतीचं नाव काढल्यावर बऱ्याच वेळा फीच विरघळते. खासगीत पैसे भरून करणार असाल तर हप्ते, परीक्षेची फी आणि नापास झाल्यास पुन्हा बसायची फी, तिन्ही लिहून घ्या. प्रवेशासाठी शिक्षणाची अट क्वालिफिकेशन पॅकच्या आवृत्तीप्रमाणे बदलते. तुमच्या बॅचची आवृत्ती कोणती, तेही त्याच कागदावर असू द्या.

मग मी विचारायला विसरले ते प्रश्न:

प्रत्यक्ष वॉर्डातलं काम कुठं आणि किती दिवस? दहा खाटांच्या दवाखान्यात उभं राहून फार काही दिसत नाही.
वर्गात पलंग, सरावाचा पुतळा, व्हीलचेअर, बेडपॅन आहे का? दाखवा म्हणा. आमच्याकडे व्हीलचेअर होती, पण तिचा एक ब्रेक लागत नव्हता.
परीक्षा कुठल्या भाषेत? आमच्या बॅचला प्रश्न इंग्रजीत आणि हिंदीत आले. मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्यांनी हे आधीच माहीत करून घेतलेलं बरं.

आणि बस. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा म्हापशाला सकाळी सातच्या ड्युटीला पोचायचं, तर सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून पहिली बस किती वाजता सुटते ते आधी पाहा. पणजीची कदंबची शटल असते, तिचं तिकीट खिडकीवर काढून मग बसमध्ये चढायचं असतं, आणि सकाळच्या रांगेत वीस मिनिटं सहज जातात. माझ्याबरोबरच्या दोघींचा कोर्स केवळ बसमुळे सुटला.

३. कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

हे सगळं एका फाइलमध्ये, मूळ आणि तीन-तीन झेरॉक्स:

आधार कार्ड, चालू मोबाइल नंबर जोडलेलं
दहावीची मार्कशीट आणि पासिंग सर्टिफिकेट
बँकेचं पासबुक
पासपोर्ट साइज फोटो
नाव बदललेलं असल्यास त्याचा पुरावा
डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणि लसीचं कार्ड

नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हबवर होते आणि आधारच्या ओटीपीवर चालते. म्हणून आधारला जोडलेला नंबर भावाचा किंवा बंद पडलेल्या सिमचा असेल तर पहिल्याच दिवशी अडकाल. पावसात आमच्याकडे वीज गेली की टॉवरही जातो, त्यामुळे नोंदणीच्या दिवशी फोन चार्ज करून बाजारगावात जा.

आता नाव. आपल्याकडे कितीतरी घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. दहावीच्या मार्कशीटवर एक बाई, आधारवर दुसरी, पासबुकावर तिसरी. माझ्या प्रमाणपत्रावर आधारमधलं नाव आलं, मार्कशीट माहेरच्या नावाची, आणि नोकरीच्या मुलाखतीत मला दोघी मीच आहे हे पटवून द्यावं लागलं. नाव दुरुस्त करायचं असेल तर कोर्सच्या आधी करा. परीक्षेनंतर प्रमाणपत्रावरचं नाव बदलून घेणं म्हणजे महिनोन्‌महिने हेलपाटे.

४. लस आत्ताच सुरू करा

हिपॅटायटिस बीचे तीन डोस: आज पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कोर्स संपेपर्यंत तिसरा डोस व्हायला हवा असेल तर प्रवेशाची वाट पाहत बसू नका. वॉर्डात पाय ठेवायच्या आधी निदान दोन डोस झालेले असावेत असं माझं मत. आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या.

५. हजेरी आणि वॉर्डातली वही

हजेरी बोट लावून घेतात. ती कमी पडली तर परीक्षेलाच बसता येत नाही, मग तुम्ही कितीही हुशार असा. चतुर्थीला आपल्याकडे पाच-सात दिवस सगळं ठप्प होतं, त्यात कुणाचं लग्न, कुणाची जत्रा. सुट्ट्या सुरुवातीलाच मोजून ठेवा आणि आजारपणासाठी चार दिवस बाजूला काढा.

वॉर्डात असताना खिशात छोटी वही हवी. सिस्टर जे शब्द बोलतात ते ऐकू येतील तसे देवनागरीत लिहा, घरी अर्थ शोधा. एनपीओ म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडल्यास, स्टॅट म्हणजे ताबडतोब. औषध आपण द्यायचं नसतं, पण हे शब्द थिअरीत येतात. पेशंटचं नाव मात्र वहीत लिहू नका आणि वॉर्डात फोटो तर मुळीच काढू नका. गोवा एवढासा; बसमध्ये तुम्ही जिच्याबद्दल बोलता ती शेजारच्या बाईची नणंद निघते.

६. प्रॅक्टिकल: घरचा पलंग हाच वॉर्ड

इथंच मुली नापास होतात. पुस्तक पाठ असतं, हात चालत नाहीत. मी नवऱ्याला पेशंट केलं. तो पहिल्या दिवशी हसत होता, आठवड्यानं स्वतःच सांगायला लागला, "ब्रेक लावला नाहीस." असा एक माणूस घरात तयार करा.

कुठलंही काम दिलं तरी सुरुवात आणि शेवट एकच. हात धुवा. स्वतःचं नाव सांगा. पेशंटचं नाव विचारा आणि हातातल्या पट्टीशी ताडून पाहा. काय करणार ते सांगून परवानगी घ्या. पडदा ओढा. मग काम. शेवटी पेशंटला नीट बसवा, बेल हाताला लागेल अशी ठेवा, कठडे वर करा, पुन्हा हात धुवा, नोंद करा आणि सिस्टरना सांगा. या गोष्टींना गुण असतात आणि घाईत नेमक्या याच राहतात. पुतळ्याशी बोलायची लाज वाटते, ते अगदी खरं. तरी मोठ्यानं बोला. परीक्षकाला तुमच्या मनातलं ऐकू येत नाही.

हात धुणं: साबण-पाण्यानं ४० ते ६० सेकंद, हँडरबनं २० ते ३०. बोटांची टोकं, अंगठे आणि बोटांमधली जागा हटकून सुटते. बांगड्या, अंगठी, घड्याळ आधी काढा. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतोच, म्हणून छातीवर पिनेनं लावायचं घड्याळ घ्या.

पलंगावरून व्हीलचेअरवर: खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाशी थोडी तिरकी. खुर्चीचे ब्रेक, पलंगाचे ब्रेक, पायपट्ट्या वर. पेशंटला आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवा आणि मिनिटभर थांबा, "चक्कर येतेय का?" असं विचारा. एकदम उभं केलं की बीपी उतरून माणूस कोसळतो. उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका. पेशंटला तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका, मानेला हिसका बसतो. खुर्चीत बसला की पायपट्ट्या खाली.

लकवा झालेल्याचे कपडे: घालताना आधी दुखऱ्या बाजूचा हात, काढताना आधी चांगल्या बाजूचा. मी हे नवऱ्याच्या शर्टावर इतक्यांदा केलं की एक बाही उसवली.

भरवणं: पेशंट ताठ बसलेला हवा, घास लहान, चांगल्या बाजूच्या गालात, आणि आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. बेशुद्ध पेशंटचं तोंड साफ करताना तो कुशीवर हवा आणि तोंडात पाणी ओतायचं नाही.

लघवीची पिशवी: नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकता कामा नये, आणि वरखाली होणाऱ्या कठड्याला लटकवायची नाही. पलंगाच्या न हलणाऱ्या चौकटीला. बाईपेशंटची स्वच्छता पुढून मागे. डोळे पुसताना नाकाकडून बाहेर, आणि प्रत्येक वेळी नवा बोळा.

कूस बदलणं: दर दोन तासांनी. शय्याव्रण, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, कुठं होतात ते बोट ठेवून दाखवायला सांगतात: माकडहाड, टाचा, कुल्ह्याची हाडं, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. लाल झालेली जागा चोळायची नाही, सिस्टरना दाखवायची.

गाऊन-मास्क: घालताना गाऊन, मास्क, चष्मा, शेवटी ग्लोव्हज. काढताना आधी ग्लोव्हज, मग चष्मा, गाऊन, आणि मास्क सगळ्यात शेवटी. काढायचा क्रम चुकला की काम संपल्यावर संसर्ग घरी न्याल, म्हणून इथं परीक्षक डोळ्यांत तेल घालून पाहतात.

पलंग आवरण्याचे प्रकार, म्हणजे रिकामा, पेशंट असलेला, ऑपरेशननंतरचा, आणि चादरीचा कोपरा दुमडणं, हे सांगून येत नाही. वीस वेळा करा. चादर झटकायची नाही आणि मळलेली चादर छातीशी धरायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

७. आकडे: हे मात्र पाठच

मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर, ताप नसताना ९८.६ फॅरनहाइट म्हणजेच ३७ सेल्सिअस. १००.४ म्हणजे ३८. श्वास मोजताना पेशंटला सांगू नका. नाडी धरल्याचं नाटक चालू ठेवून छाती पाहा, नाहीतर तो मुद्दाम मोठे श्वास घेतो. नाडी अंगठ्यानं मोजू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते.

बीपी घेण्याआधी पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या पातळीवर, आणि बोलणं बंद. दंडाला गुंडाळायचा पट्टा, म्हणजे कफ, लहान पडला तर बीपी खोटं चढलेलं दिसतं. "मशीननं काय दाखवलं?" हा प्रश्न सोपा, "असं का दाखवलं?" हा खरा प्रश्न.

आता आत-बाहेरचा चार्ट. पेशंटनं किती प्यालं, किती लघवी झाली, सगळं मिलिलिटरमध्ये. पुस्तकात कप आणि ग्लास दिलेले असतात, पण आपला पेशंट सकाळी दहाला पेज पितो. घरातली वाटी, पेला, कटोरा एकदा मोजपात्रानं मोजून ठेवा, म्हणजे "पाऊण वाटी पेज" ऐकलं की आकडा डोक्यात येईल. पातळ पेज मोजायची. शितं घट्ट असतील तर सिस्टरना विचारून लिहायचं. बर्फ दिला तर त्याच्या निम्मं पाणी धरतात, हा प्रश्न आम्हाला आला होता. लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली तर थांबायचं नाही, कळवायचं.

छातीदाबासाठी (सीपीआर, हृदय थांबल्यावर देतात तो): मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाब आणि २ श्वास. आधी मदतीला हाक मारायची, मग दाब. बाहेर असाल तर १०८.

८. कचऱ्याचे रंग, सुई टोचली तर, आणि बाकी थिअरी

थिअरी टॅबवर असते, चारांतला एक पर्याय. कचऱ्यावर प्रश्न हमखास. इस्पितळातला कुठला कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत किंवा डब्यात टाकायचा, त्याचे नियम २०१६ चे. पिवळ्यात रक्त-पू लागलेला कापूस, ड्रेसिंग, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत प्लास्टिक: सलाईनची नळी, प्लास्टिकची बाटली, कॅथेटर, लघवीची पिशवी, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज. पांढरा न भोसकणारा डबा सुया, ब्लेड, सुई लागलेल्या सिरिंजसाठी. निळ्यात काच, म्हणजे फुटलेल्या कुप्या, औषधांच्या बाटल्या, आणि शरीरात बसवतात ते धातूचे तुकडे. फसवणारा प्रश्न असा येतो: "सलाईनची बाटली कशात?" बाटली काचेची की प्लास्टिकची ते आधी वाचा. दुसरा: "केळ्याची साल?" ती या चारांत कुठंच जात नाही, साध्या कचऱ्यात जाते. आणि हा कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. तरीही टोचलीच तर? पिळायचं नाही, तोंडात तर घालायचंच नाही. साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच क्षणी कळवा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, फार तर ७२ तासांच्या आत. मुली घाबरून सांगत नाहीत. आमच्यातल्या एकीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिला काही झालं नाही, पण तिची आई रात्रभर झोपली नव्हती.

आग लागली तर क्रम: पेशंटला हलवा, गजर द्या, दार लावून आग कोंडा, मग जमलं तर विझवा. आग विझवायचं नळकांडं वापरताना पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. बाकीच्या थिअरीसाठी एकच सूचना: प्रश्नात "सर्वांत आधी" हा शब्द असेल तर उत्तर बहुधा पेशंटच्या सुरक्षेचं असतं, नोंदवहीचं नसतं. चुकीच्या उत्तराला गुण कापतात का ते परीक्षेआधी केंद्रावर विचारून घ्या.

९. व्हायव्हा, आणि आपली भाषा

परीक्षक बाहेरून येतात, हिंदीत बोलतात. आपली हिंदी शाळेतली आणि सिनेमातली. "मैं पेशंट को करवट देती हूँ" एवढं एक वाक्य आधी तोंडात बसवून ठेवा, बाकी सुचतं. अडलात तर मराठीत सांगू का असं सरळ विचारा. मला एकदा चालवून घेतलं.

प्रश्न बहुतेक एका साच्याचे असतात: डॉक्टर नाहीत, सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे आहेत, नातेवाईक ओरडतायत, गोळी द्या म्हणतायत. उत्तर द्यायची माझी पद्धत अशी होती. आधी पेशंट पडणार नाही, गुदमरणार नाही हे पाहीन. मग सिस्टरना सांगीन. मग जे सांगतील ते करीन आणि लिहीन. गोळी, इंजेक्शन, सलाईनचा वेग, ऑक्सिजनचा वेग, ड्रेसिंगवर औषध, यातलं काहीही "मी देईन" म्हणालात की संपलं. "रिपोर्टमध्ये काय आलंय?" असं नातेवाइकानं विचारलं तर? "डॉक्टर सांगतील, मी त्यांना बोलावते."

पेशंटशी बोलायला मात्र कोंकणी हवीच. आपल्यापैकी पुष्कळ जणी घरी कोंकणी बोलतात आणि वाचायला मराठी, त्यामुळे अडत नाही; पण बाहेरून आलेल्या मैत्रिणींसाठी चार वाक्यं: "खंय दुखता?" (कुठं दुखतंय?), "उदक जाय?" (पाणी हवं?), "जेवलें?" (जेवण झालं?), "भियेनाकात" (घाबरू नका). दक्षिण गोव्यातल्या सासष्टीची एखादी म्हातारी आंटी तुमची मराठी ऐकून नुसती पाहत राहते, आणि "उदक जाय?" म्हटलं की हात धरते. सरकारी नोकरीच्या जाहिरातींतही कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठी असल्यास बरं, असं लिहिलेलं असतं, ते लक्षात असू द्या.

१०. आदल्या दिवशी

आधार मूळ, हॉल तिकीट किंवा बॅचचा मेसेज, दोन पेनं, सेकंदकाट्याचं घड्याळ, धुतलेला युनिफॉर्म, बंद बूट, केसांना जाळी. नखं कापा, नेलपॉलिश काढा, मेंदी लागेल असं लग्न त्या आठवड्यात असेल तर हात लपवा. पावसाळा असेल तर युनिफॉर्म दोन दिवस आधी धुवा. माझा ओलाच होता, इस्त्रीनं वाळवला आणि दिवसभर त्याला वास येत होता. सकाळी खाऊन जा. प्रॅक्टिकल एकेकाचं होतं, नंबर यायला दुपार होते.

आपल्या आधी जी आत जाऊन आली तिला "काय विचारलं?" असं विचारू नका. प्रत्येकीला वेगळं काम मिळतं. ती बेडपॅन सांगेल, तुम्ही मनात बेडपॅन घोळवत बसाल, आणि आत बीपी मिळेल.

११. निकालानंतर

निकालाला आठवडे लागतात. रोज संस्थेला फोन करून उपयोग नाही, पण महिनाभर काहीच कळलं नाही तर लेखी विचारा. प्रमाणपत्र आलं की नाव, वडिलांचं नाव आणि कोड आधी वाचा, मग पेढे. ते डिजिलॉकरमध्ये ठेवा.

सरकारी जागांसाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आणि मामलेदार कचेरीतला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. दोन्हीला वेळ जातो, म्हणून निकालाची वाट पाहण्याच्या काळातच अर्ज टाका. घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम देणाऱ्या एजन्सीही फोन करतील. पगार, तास, सुट्टी आणि राहायची सोय लिहून घ्या, आणि मूळ मार्कशीट किंवा प्रमाणपत्र "आमच्याकडे राहू दे" म्हणाले तर देऊ नका. मी एकदा दिलं होतं. परत मिळवायला चार फेऱ्या आणि भावाला बरोबर न्यावं लागलं.